तिसरा बाक आणि तेलाची डबी

मी, हॉलिस एडवर्ड प्रेंटिस, वय त्र्याऐंशी, एपिस्कोपल पंथाचा निवृत्त पाद्री, राहणार मिल स्ट्रीट, हार्लो फॉल्स, व्हर्माँट, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या मागे कोणी माझ्या वस्तूंवरून भांडू नये आणि ज्यांचे माझ्याशी आधीच भांडण आहे त्यांच्या हाती काहीतरी पडावे, एवढाच हेतू. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे डॉक्टर म्हणतात. माझ्या तोंडाबद्दल विनी, माझी पत्नी, हेच म्हणत असे.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. याबाबत गावात एका व्यक्तीचे मत वेगळे आहे. तिची हकीकत सातव्या कलमात येईल.

याआधी १९८९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे विनीला दिले होते. माझ्याआधी जाऊ नकोस असे सांगूनही ती सोळा वर्षांपूर्वी गेली. तिने माझे ऐकले असे तसेही फारसे घडले नव्हते.

वकील ड्वाइट ओर्डवे याने मला छापील नमुना दिला होता. ड्वाइटचा बाप्तिस्मा मीच केला. तेव्हा तो माझ्या बाहीवर ओकला होता, आणि आता माझ्या वाक्यांवर लाल पेन्सिल ओढतो. "फादर, हे मृत्युपत्र आहे, प्रवचन नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "प्रवचनाला लोक झोपतात, ड्वाइट. मृत्युपत्र वाचताना कुणी झोपलेलं ऐकलंयस का?" तेव्हापासून त्याने पेन्सिल खिशात ठेवली आहे.

कलम १. देहाबद्दल.

माझ्या देहाची राख करावी आणि ती सेंट ॲल्बन चर्चच्या बागेत विनीच्या शेजारी पुरावी. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त एक साल घालायचे राहिले आहे. विधी सध्याच्या पाद्री रेव्हरंड केंड्रा ओल्सन यांनी प्रार्थनापुस्तकाप्रमाणे करावा. माझ्यावर भाषण नको. नंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी द्यावी. अंड्याची सँडविच करू नयेत. सदतीस वर्षे प्रत्येक अंत्यविधीनंतर मी ती खाल्ली आहेत. या वेळी मला खावी लागणार नाहीत हे खरे, पण बाकीच्यांचा विचार व्हावा.

केंड्राबाईंची परवानगी मी या कलमाद्वारे मागत आहे. स्वतःच्या अंत्यविधीला परवानगी कशाला, असे ड्वाइटने विचारले. त्याचे उत्तर असे.

आमच्यात रीत आहे, की पाद्री निवृत्त झाला की त्याने आपल्या चर्चपासून लांब राहायचे. नव्या माणसाचे बस्तान बसावे म्हणून. जुन्याने कुणाचा बाप्तिस्मा करायचा नाही, लग्न लावायचे नाही, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावायला जायचे नाही. नव्याने बोलावले तरच जायचे. बहुतेक जण त्यासाठी गावच सोडतात. मला ते जमले नाही, कारण विनी त्या बागेत आहे. म्हणून मी चर्चपासून शंभर पावलांवर राहतो, मंगळवारी दुपारी बाजूच्या फाटकाने बागेत जातो, आणि अकरा वर्षांत पुढच्या दारातून एकदाही आत गेलेलो नाही.

ही रीत मी इतकी काटेकोर का पाळली, तर फादर क्रॉवेल यांच्यामुळे. ते माझ्या आधीचे पाद्री. निवृत्त झाल्यावर ते गेले नाहीत. सहा वर्षे दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसले, आणि माझ्या प्रवचनात त्यांना न पटणारे काही आले की खोकले. लोक माझ्याकडे बघायचे सोडून त्यांच्याकडे बघत. मी तेव्हा पस्तिशीत होतो. एकदा विनी म्हणाली, "त्यांना खोकल्याच्या गोळ्या पाठवू का?" मी त्या बाकाकडे बघून शपथ घेतली, की आपल्यामागून येणाऱ्याच्या वाट्याला हे येऊ द्यायचे नाही. चांगली शपथ होती. तिचे पुढे काय केले ते सातव्या कलमात आहे.

केंड्राबाई आल्या त्या पहिल्याच आठवड्यात सफरचंदाचा केक घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, मला नियम पाठ आहेत. पण कधी कुठे जावंसं वाटलं तर नुसता एक फोन करा. मी हो म्हणेन." मी आभार मानले, केक खाल्ला, ताटली धुऊन परत पाठवली. फोन मात्र कधी केला नाही. हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम २. घर.

मिल स्ट्रीटवरचे घर माझी भाची फीबी हिला. विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातले टेबल मात्र विकू नये. त्याच्या खालच्या बाजूला विनीने पेन्सिलीने काहीतरी लिहिले आहे, ते मला ती गेल्यावर तीन वर्षांनी स्क्रू आवळताना सापडले. काय लिहिले आहे ते फीबीने स्वतः खाली वाकून वाचावे. तळघरातली शिडी शेजारी गॉर्डन पीस्ली याची आहे. ती माझी नसल्यामुळे या मृत्युपत्रात येत नाही.

कलम ३. बचत.

माझ्या खर्चानंतर जे उरेल त्यातले अर्धे फीबीला, आणि अर्धे गावातल्या त्या घरांसाठी, ज्यांची घर तापवायच्या तेलाची टाकी ऐन थंडीत, फेब्रुवारीत, रिकामी होते आणि जे कुणाला सांगत नाहीत. ती घरे कोणती हे पोस्टातल्या बाईंना बरोबर ठाऊक असते. त्यांना विचारावे आणि नावे कागदावर लिहू नयेत.

कलम ४. झगे.

माझे उपासनेचे सगळे झगे केंड्राबाईंना. हिरव्याला कसर लागली आहे, तो टाकावा. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला जांभळा गळपट्टा विनीने शिवला होता आणि त्यावरचा क्रूस एका बाजूला कलला आहे. मी तो बावीस वर्षे तसाच घातला. "उसवून सरळ करू का?" असे ती दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी नको म्हणायचो. केंड्राबाईंनीही तो तसाच घातला तर मला आवडेल.

कलम ५. क्लाइड फेअरबँक्स याच्याबद्दल.

क्लाइडने माझ्या काळात सत्तावीस वर्षे ऑर्गन वाजवला आणि प्रत्येक गीत अंत्ययात्रेच्या चालीने वाजवले, नाताळातलीसुद्धा. मी कितीदा सांगितले. तो म्हणायचा, "फादर, देवाला घाई नसते." मी म्हणायचो, "देवाला नसेल, क्लाइड. पण प्रत्येक बाईच्या ओव्हनमध्ये दुपारच्या जेवणाचं मांस करपतंय." त्याला मी ताल मोजणारे माझे लाकडी टिकटिक यंत्र देतो, चावीसकट. माझ्या विधीच्या दिवशी ते सुरू करून ऑर्गनवर ठेवावे. शेवटचे गीत मात्र त्याने त्याच्या चालीने वाजवावे. त्या दिवशी मलाही घाई नसेल.

कलम ६. बेसिन.

वेदीमागच्या खोलीत एक छोटे बेसिन आहे. त्याचा पाइप गटाराला जात नाही, भिंतीबाहेर सरळ मातीत जातो. प्रभुभोजनातला उरलेला द्राक्षारस आणि प्याला धुतलेले पाणी गटारात सोडायचे नसते, मातीला द्यायचे असते. १९९४ साली चर्चची दुरुस्ती निघाली तेव्हा एका नळवाल्याला हा पाइप कुठेच जात नाही असे दिसले. भला माणूस, त्याने तो गटाराला जोडून दिला आणि बिलात 'मोफत' असे लिहिले.

हे पकडले बर्निस थेयरने. वेदीची वस्त्रे धुणे, प्याले घासणे, तेलाच्या कुप्या भरणे हे काम करणाऱ्या बायकांची ती प्रमुख, आजही आहे. एका रविवारी ती मला दंडाला धरून बाहेर, भिंतीलगत रुबार्ब या आंबट देठाच्या भाजीचा वाफा होता तिथे, घेऊन गेली.

"फादर, भिंतीकडचा रुबार्ब सुकलाय."

"ऊन लागलं असेल."

"ऊन दर वर्षी असतं. खाली वाका जरा. माती कोरडी ठाक आहे. सात महिने आपण तारणाऱ्याचं रक्त गावच्या मैलाटाकीत सोडतोय, आणि तुम्ही वर उभे राहून प्रवचनं देताय!"

तिचा नवरा आल्डन आमच्या चर्चच्या पंचांपैकी, आणि या गावातला माझा एकमेव असा मित्र की ज्याच्याशी मी काही न बोलता तासभर बसू शकत असे. तो त्याच दुपारी रविवारच्या चांगल्या पँटीत कुदळ घेऊन आला. खणता खणता म्हणाला, "टाकीचं तरी भलंच झालं असेल, फादर." बर्निसने त्याच्याकडे असे पाहिले, की तो पुढे दीड तास मुकाट्याने खणत होता. पाइप पुन्हा मातीत सोडला. पुढच्या वर्षी रुबार्बचे देठ माझ्या मनगटाएवढे झाले.

चर्चच्या पंचांना माझी सूचना, की त्या पाइपला कोणत्याही नळवाल्याचा हात पुन्हा लागू देऊ नये.

कलम ७. बर्निस थेयर हिच्यासाठी.

माझी चांदीची तेलाची डबी मी बर्निसला देतो. अंगठा जेमतेम आत जाईल एवढी आहे, आत कापूस, त्यात आशीर्वादित तेल. आजाऱ्यांना लावायला ती मी सदतीस वर्षे कोटाच्या खिशात बाळगली.

ही डबी तिला का, हे लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करण्याच्या दिवसांत, तिचा मला फोन आला. "फादर, आल्डन जातोय. या."

मी म्हणालो, "केंड्राबाईंना फोन केलास का? मंडळी आता त्यांची आहे."

"केला. बाई बैठकीला गेल्यात, दोन तासांवर आहेत. आल्डनकडे दोन तास नाहीत. तो तुमचं नाव घेतोय."

"मग त्या येईपर्यंत प्रार्थनापुस्तकातलं वाचत राहा," असे म्हणून मी फोन ठेवला.

गावाने मला नियमाचा पक्का माणूस म्हटले. काहींनी कौतुकानेही म्हटले. मी ते ऐकून घेतले. बर्निसने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले. मी समोरून आलो की ती रस्ता ओलांडते. तिला वाटते की मी नियमासाठी आलो नाही.

खरे असे आहे की नियम आडवा आलाच नव्हता. केंड्राबाईंना एक फोन, एवढाच तो नियम होता. त्या हो म्हणणार हे त्यांनी दारात उभे राहून सांगितले होते. मला विचारायचे नव्हते. ज्या चर्चमध्ये मी सदतीस वर्षे काढली तिथल्या माणसाच्या कपाळाला हात लावायला माझ्या भाचीपेक्षा लहान बाईची परवानगी मागायची, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हते. फादर क्रॉवेल खोकत तरी होते. मी माझा गर्व नियमाच्या झग्यात घालून मिरवला.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. फोन ठेवल्यावर मी ही डबी घेऊन गाडीत बसलो आणि थेयरांच्या घरासमोर रस्त्याकडेला असलेल्या टपालपेटीपर्यंत गेलो. तिथे गाडी थांबवली. मोबाइल माझ्या खिशात होता. चाळीस मिनिटे मी तिथे बसलो. त्यांच्या रस उकळण्याच्या खोपटातून वाफ निघत होती. आत त्यांचा मुलगा भट्टी सांभाळत होता. मग ती वाफ थांबली. या दिवसांत भट्टी कोणी उगाच विझवत नाही. मला कळले. मी गाडी वळवून घरी आलो.

आल्डन तेल न लागता गेला, माझ्यामुळे. बर्निस, मी तुझा अपराधी आहे. ही डबी म्हणजे परतफेड नव्हे. ती माझ्याकडे राहू नये एवढेच.

सहीच्या दिवशी जोडलेले पान.

वरचे सगळे मी उपवासकाळात लिहिले. ईस्टर झाल्यावर ड्वाइट म्हणाला, आता दोन साक्षीदार बघा. तुम्ही शुद्धीवर आहात हे छातीठोकपणे सांगतील असे, तुम्हाला नीट ओळखणारे. एक गॉर्डन. दुसऱ्या नावासाठी मला फार विचार करावा लागला नाही.

ड्वाइटचा चेहरा पडला. "फादर, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बर्निसबाईंनी सही केली की सातवं कलम गेलं."

"जाऊ दे."

"आणि त्या येणारसुद्धा नाहीत."

"ते विचारल्याशिवाय कसं कळणार?" मी म्हटले, आणि नऊ वर्षे उशिरा फोन उचलला. "बर्निस, मी हॉलिस. माझ्या मृत्युपत्रावर साक्षीला येशील का?"

ती म्हणाली, "किती वाजता?"

आज ती चिखलाचे बूट दारात काढून आत आली, विनीच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ज्यावर सही करायची ते मी वाचणार." साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे ड्वाइट सांगू लागला. तिने चष्मा लावला. ती सातव्या कलमापर्यंत आली तेव्हा मी खिडकीकडे बघत होतो. वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला. "आणा ती डबी."

तिने झाकण उघडले. कापूस पिवळा पडून दगड झाला होता.

"नऊ वर्षांत तेल एकदाही बदललं नाहीत? शोभतं का हे पाद्र्याला! घेऊन जाते मी. घासून, नवं भरून आणते. लागेल."

"कोणाला?"

"तुम्हाला. आणखी कोणाला?"

"लावणार कोण?"

"मी. मला सवय आहे."

मला समजले नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आल्डनला मीच लावलं. चर्चच्या कपाटातली कुपी भरायला माझ्या घरी आली होती. वेळ आली तर कुणाही विश्वासणाऱ्यानं लावलं तरी चालतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. तेवढ्या दिवशी मी जागी होते तुमच्या वर्गात."

नऊ वर्षे मी जे ओझे वाहत होतो ते नव्हतेच. मी म्हटले, "मग एवढा राग कशाचा?"

"अहो, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते! टपालपेटी तिथून दिसते. गाडी दिसत होती. तुमची हॅट दिसत होती. मी तुमच्यासाठी कप मांडला. कॉफी ओतली. ती गार झाली, फेकली, पुन्हा ओतली. आल्डन विचारत होता, 'आला का हॉलिस?' मी म्हटलं, 'आलाय. गाडी लावतोय.'"

ड्वाइट उठून उगाच सिंकपाशी जाऊन उभा राहिला.

"दोनदा विचारलं त्यानं," बर्निस म्हणाली. "दोन्ही वेळा तेच सांगितलं. हसला. म्हणाला, 'त्याला कधी नीट लावता आली नाही गाडी.' आणि गेला. तुम्ही नुसते आत यायचं होतंत, हॉलिस. तेल नको होतं. तुम्ही हवे होतात."

मी रडलो. ते लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. बर्निसने उठून कपाट उघडले, कप कुठे असतात हे तिला अजून आठवत होते, आणि कॉफी केली. गॉर्डन आला तेव्हा आम्ही दोघे ती पीत होतो. कडू झाली होती.

मग ती म्हणाली, "आता तो दुसरा फोनही करून टाका. केंड्राबाईंना. या रविवारपासून यायचं. तिसऱ्या बाकावर बसा, आणि खोकू नका."

मी तिच्यासमोरच फोन केला. केंड्राबाईंनी हो म्हणायला एक क्षणही लावला नाही.

सबब, सातवे कलम रद्द. त्यातली वस्तू मी जिवंतपणी, शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर बर्निस थेयर यांच्या हातात दिली आहे, आणि त्यांनी ती परत आणायचे कबूल केले आहे. बाकीची सर्व कलमे आहेत तशी राहावीत. हा कागद मी कोणाच्याही दबावाखाली लिहिलेला नाही. हे पान वगळता. हे बर्निसने समोर बसून लिहून घेतले.

हार्लो फॉल्स, मंगळवार, ९ एप्रिल २०२४.

(सही) हॉलिस ई. प्रेंटिस

साक्षीदार पहिला: सही माझ्यासमोर झाली. कागद मी वाचला नाही. शिडी आज घेऊन जात आहे.
(सही) गॉर्डन पीस्ली

साक्षीदार दुसरी: सही माझ्यासमोर झाली. कागद मी सगळा वाचला. हॉलिस प्रेंटिस यांना मी अठ्ठेचाळीस वर्षे ओळखते, आणि त्यातली चाळीस मिनिटे सोडली तर त्यांचे डोके कायम ठिकाणावर होते. ती चाळीस मिनिटे मी आज सोडली.
(सही) बर्निस थेयर